पाहुण्याची दुपार

नातेवाइकांकडे मुक्कामाला गेल्यावर गाव पाहायला बाहेर पडायचं नाही, असं मी पुष्कळ वर्षं मानत आले. आज माझं मत उलट आहे. मुक्कामात मिळणारे दोन-तीन मोकळे तास पाहुण्याने मोकळेपणाने मागून घ्यावेत, घराबाहेर पडावं आणि ज्या गावात आपली माणसं राहतात ते गाव थोडं तरी ओळखीचं करून घ्यावं, असं मला आता मनापासून वाटतं. पहिलं मत माझं एकटीचं नव्हतं. ते आमच्या घराचं होतं, आणि आजही अनेक मराठी घरांचं असावं. म्हणून ते का बदललं, हे सविस्तर सांगते.

वडिलांचं म्हणणं एका वाक्याचं असायचं : "आपण माणसांना भेटायला जातो, गाव बघायला नाही." त्याला कारण होतं. आम्ही नाशिकचे, आत्या बडोद्याला दिलेली. सापुताऱ्याच्या घाटाने सुरतेवरून जाणारी एसटी, हातात मोजकी रजा, आणि दिवाळी किंवा मे महिना सोडला तर भेट नाही. एवढ्या लांबून आलेला भाऊ दुपारी उठून राजवाडा बघायला गेला, तर बहिणीच्या मनाला लागेल, सासरच्या माणसांत तिला कानकोंडं होईल, असं त्यांना वाटायचं. माहेरचं माणूस दारात आलं की तिचा तो दिवस सणाचा होई. त्या दिवसातलं काहीही दुसऱ्या कशाला द्यायचं नाही, ही त्यांची माया होती. म्हणून लहानपणी आम्ही बडोद्यात पाहिलं ते दांडिया बाजारातलं आत्याचं घर. कोपऱ्यावरची सेव-उसळ खाल्ली, एखाद्या संध्याकाळी कमाटीबागेतल्या छोट्या आगगाडीत बसलो, आणि लीलो चेवडा नि भाकरवडीचे पुडे घेऊन परत फिरलो. मोठी झाल्यावर, स्वतःच्या संसारातून सवड काढून जाऊ लागल्यावरही मी हाच नेम पाळला.

माझं मत हलायला सुरुवात झाली ती आत्याच्या घरातल्या दुपारी.

आत्या आता पंचाहत्तरी ओलांडलेली, काका तिच्याहून मोठे. जेवणं साडेबारापर्यंत आटोपतात. काका पेपर घेऊन आतल्या खोलीत जातात आणि दोन मिनिटांत पेपर त्यांच्या छातीवर असतो. आत्या ओटा पुसते, उरलेली भाजी लहान पातेल्यात काढते, पदराला हात पुसत बाहेर येते आणि माझ्यासमोर खुर्चीत बसते. ही तिची रोजची आडवं होण्याची वेळ. पण मी जागी आहे म्हणून ती जागी राहते, आणि ती जागी आहे म्हणून मीही. बोलणं सकाळीच होऊन गेलेलं असतं : कुणाचं लग्न ठरलं, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कुणी फ्लॅट बदलला. मग तिची मान हळूहळू खाली येते, दचकून वर जाते आणि ती विचारते, "चहा टाकू का गं?" तेव्हा धड दोनही वाजलेले नसतात.

एकदा दिवाळीनंतर गेले असताना हे माझ्या नजरेत भरलं. ज्या वेळेला मी प्रेमाची वेळ समजत होते, ती तिला अंगावर काढावी लागत होती. मी म्हटलं, "आत्या, तू पड जरा. मी बाहेर चक्कर मारून चारपर्यंत येते." वडिलांचं वाक्य माझ्या कानात होतं, त्यामुळे हे बोलायला मला धीर करावा लागला. ती लगेच म्हणाली, "जा की. कीर्तिमंदिर इथं जवळच आहे. मला जिने चढवत नाहीत, कितीतरी वर्षांत गेले नाही. बघून ये आणि मला सांग." तिच्या बोलण्यात रुसवा नव्हता. मी दाराबाहेर पडेपर्यंत ती उशी घेऊन कॉटवर टेकलीसुद्धा होती.

कीर्तिमंदिर हे गायकवाड घराण्याचं स्मृतिस्थान. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीला साठ वर्षं झाली, त्या निमित्ताने ते १९३६ मध्ये उभं राहिलं. बाहेरून ते देवळासारखं दिसतं. शिखराच्या टोकाला सूर्य, चंद्र आणि पृथ्वीचा गोल आहे. मी मात्र आतल्या दालनात अडकले. तिथल्या चार भिंती नंदलाल बोस यांनी रंगवलेल्या आहेत. हरिपुरा काँग्रेसची चित्रं काढणारे आणि पुढे भारताच्या संविधानाच्या मूळ प्रतीची पानं सजवणारे हेच नंदलाल बोस. १९३९ पासून काही वर्षं ते शांतिनिकेतनातून आपले विद्यार्थी घेऊन इथे येत राहिले आणि एकेक भिंत पुरी करत गेले. एका भिंतीवर गंगावतरण, दुसरीवर मीराबाईचं चरित्र, तिसरीवर रवींद्रनाथांच्या 'नटीर पूजा' नाटकाचा प्रसंग, चौथीवर महाभारताचं युद्ध आणि अभिमन्यूचा वध. सयाजीराव १९३९ च्या फेब्रुवारीत वारले, त्यामुळे ज्यांच्या घराण्यासाठी हे काम झालं त्यांना ते पुरं झालेलं पाहता आलं नाही.

'नटीर पूजा'च्या भिंतीसमोर मी सगळ्यात जास्त वेळ उभी राहिले. गोष्ट अजातशत्रूच्या राज्यातली. बुद्धाची पूजा करायला बंदी झालेली. श्रीमती नावाच्या राजनर्तकीला स्तूपासमोर नाचायचा हुकूम होतो. ती नाचते, पण ते नाचणं हीच तिची पूजा होते, आणि त्यासाठी तिला मरण येतं. तिच्या अंगाची वळती रेषा हाताच्या बोटांपर्यंत तुटत नाही. रंग मातीचे, शांत. दालनात गर्दी नव्हती, मला कुठे पोचायचं नव्हतं, कुणी माझ्यासाठी खोळंबलं नव्हतं. इतकं निवांत मी घराबाहेर कधी काही पाहिलं नव्हतं.

चारला परत आले. चहा घेताना आत्याला भिंतीभिंतीचं वर्णन सांगितलं आणि ती बोलू लागली. लग्न होऊन नवीन आली तेव्हा सासूबाईंबरोबर तिथे कशी गेली होती, पायऱ्यांवर बसून दोघींनी शेंगा कशा खाल्ल्या होत्या, आणि सासूबाईंनी पहिल्यांदा तिला स्वतःच्या माहेराबद्दल कसं सांगितलं होतं. आत्याच्या सासूबाईंचं माझ्या मनातलं चित्र तोवर फक्त करड्या बाईचं होतं. आत्याच्या तोंडून त्यांचं हे रूप मी पहिल्यांदा ऐकलं. मी दुपारभर समोरच्या खुर्चीत बसून राहिले असते तर या गप्पा निघाल्याच नसत्या. मी दोन तास घराबाहेर काढले, त्यांच्या बदल्यात आत्याला झोप मिळाली आणि दोघींना बोलायला नवा विषय मिळाला. वडिलांना बहिणीला जे द्यायचं होतं, ते या वाटेनेही देता येत होतं.

पुढच्या खेपेला काका म्हणाले, "आज मी येतो. तुला सेंट्रल लायब्ररी दाखवतो." मांडवीजवळची ही इमारत काकांच्या शाळकरी वयातलं दुसरं घर होती. संध्याकाळी मराठी मासिकं वाचायला ते तिथे जायचे. सयाजीरावांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला १९१० मध्ये बडोद्याला आणलं, आणि त्यानंतर शहरात मोठं ग्रंथालय, गावोगावी लहान ग्रंथालयं आणि जिथे तीही नाहीत तिथे पेट्यांतून जाणारी फिरती ग्रंथालयं असं जाळं राज्यभर उभं राहिलं. आधी राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं नि मोफत झालेलं होतं. अमरेली भागात १८९३ मध्ये प्रयोग करून १९०६ मध्ये ते सगळीकडे लागू केलं होतं. शिकलेल्या माणसाच्या हाती पुढे पुस्तक पडलं नाही तर तो शिकलेलं विसरेल, असा त्यामागचा साधा विचार.

ग्रंथालयाचा पुस्तकसाठा पोलादी मांडण्यांवर आहे आणि मजल्यांच्या जमिनी जाड काचेच्या. परवानगी घेऊन आत गेलो. पायांखाली काच, तिच्यातून वरचा उजेड खालच्या मजल्यांत झिरपतो. पुस्तकांजवळ दिवा न्यावा लागू नये, आगीची भीती राहू नये आणि दिवसाउजेडी पुस्तकाच्या पाठीवरचं नाव वाचता यावं, म्हणून ही रचना. काका एका मांडणीपाशी थांबले, एका पोलादी खांबावर हात ठेवला आणि म्हणाले, "माझ्या घरी पुस्तकं नव्हती गं. मी जे काय वाचलं ते इथं." हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला. इतक्या वर्षांत काका माझ्याशी बोलले होते ते प्रवास कसा झाला, पोरांचा अभ्यास कसा चाललाय, एवढंच. त्या दिवशी परत येताना त्यांनी महाराजांची हकिकत सांगितली. नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळच्या कवळाण्याचा गोपाळ, १८७५ मध्ये जमनाबाईंनी दत्तक घेतला तेव्हा बारा वर्षांचा, आणि तोवर अक्षरओळख नसलेला. तोच मुलगा पुढे ही ग्रंथालयं उभारतो. काका म्हणाले, "तुमच्याच जिल्ह्यातून आले होते ते. पाहुणे म्हणून आले आणि गाव घडवून गेले."

तिसरी दुपार मी कमाटीबागेत घालवली. या बागेचं आजचं नाव सयाजीबाग. १८७९ ची ही बाग विश्वामित्रीच्या काठाने पसरलेली आहे. आत संग्रहालय आहे. अकोट्याला १९५१ मध्ये सापडलेल्या जैन ब्राँझ मूर्ती तिथे बघायला मिळतात. पण त्या दिवशी मी संग्रहालयात गेले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतःच्या आठवणींत या बागेबद्दल जे लिहून ठेवलंय ते वाचल्यापासून मला तिथे नुसतं बसायचं होतं.

बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ मध्ये ठरल्याप्रमाणे संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्याला आले, तर शहरात राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी उतारगृहात राहिले. काही दिवसांनी काठ्या घेतलेली माणसं दारात आली आणि संध्याकाळच्या आत निघून जायला बजावून गेली. ओळखीच्या दोघांकडे त्यांनी आसरा मागितला. एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापली अडचण सांगितली. मुंबईची गाडी रात्री नऊला. मधले तास काढायला शहरात एकच जागा होती, ही बाग. तिथे बसून आपल्याला आई-वडिलांची आठवण झाली, असं त्यांनी लिहिलं आहे. आज बागेतली ती जागा संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते आणि दर वर्षी २३ सप्टेंबरला तिथे लोक जमतात.

मी एका झाडाखालच्या बाकावर बसले होते. समोरून शाळेची मुलं ओळीने जात होती, छोट्या गाडीची शिटी ऐकू येत होती. त्याच गाडीत मी लहानपणी हौसेने बसले होते. माझ्याही हाती त्या दिवशी तीन-चार तास होते. पण मला माहीत होतं की चारला आत्या आलं किसायला घेईल. ज्याला परत जायला दार आहे त्याचेच मोकळे तास सुखाचे असतात, हे मला तिथे बसून कळलं. जगातल्या एका मोठ्या विद्यापीठात शिकून आलेला माणूस एका शिकलेल्या, सुधारलेल्या राजधानीत कुणाचाच पाहुणा होऊ शकला नाही. शिष्यवृत्ती देणारं राज्य त्याला राहायला एक खोली देऊ शकलं नाही. ग्रंथालयाच्या काचेच्या जमिनीवर मला बडोद्याचा जितका अभिमान वाटला होता, तितकंच इथे मन जड झालं. दोन्ही गोष्टी त्याच गावच्या, आणि दोन्ही माहीत असल्याशिवाय मला ते गाव माहीत आहे असं मी म्हणू शकत नाही.

त्या रात्री जेवताना मी हा विषय काढला. काका आधी गप्प होते. मग त्यांच्या लहानपणच्या वाड्याबद्दल बोलले : कोण ओट्यापर्यंत येई, कोण अंगणातच थांबे, कुणासाठी वेगळा कप कोनाड्यात ठेवलेला असे. आत्या म्हणाली, "तो कप मी काढून टाकला, तर सासूबाई आठवडाभर बोलल्या नव्हत्या." शेंगांची गोष्ट सांगताना ज्या सासूबाई तिच्या डोळ्यांपुढे होत्या, त्याच या. आम्ही तिघं बराच वेळ जागे राहिलो. आमच्या घरात हे बोलणं त्याआधी कधी झालेलं नव्हतं. त्या रात्रीनंतर माझ्या मनात शंका उरली नाही.

यावर घेतला जाणारा आक्षेप मला ठाऊक आहे, कारण तो माझाच होता. भेटी आधीच विरळ झाल्यात. त्यातले तासही कमी केले तर राहिलं काय? याला माझं उत्तर असं : भेट तासांनी भरत नाही. सकाळचा चहा, भाजी निवडणं, रात्रीचं जेवण, झोपण्याआधी गाद्या घालतानाचं बोलणं, या वेळा घरातल्या माणसांच्या, आणि त्यांना मी कधीच हात लावणार नाही. दुपारची वेळ त्यांच्या विश्रांतीची, आणि तीच पाहुण्याने आपली करावी. आजारी माणसाला भेटायला गेलो असू, घरात दुःख घडलेलं असेल, किंवा एकटं राहणारं माणूस आपल्या येण्याकडे डोळे लावून बसलं असेल, तर मात्र घराबाहेर पडू नये. तिथे वडिलांचं वाक्य आजही मी शब्दशः मानते.

एरवी काही गोष्टी सांभाळल्या की कुणाचं मन दुखावत नाही. एक तर आधी सांगावं, आणि परतायची वेळही सांगावी. ती चुकवू नये. संध्याकाळच्या स्वयंपाकाला हात लावायला आपण घरात असावं. दुसरं, एका दुपारी एकच जागा. लक्ष्मीविलास पॅलेस, संग्रहालय, सुरसागर, न्यायमंदिर असं सगळं एका दमात उरकायला गेलं की सांगण्यासारखं काही हाती लागत नाही आणि परतल्यावर आपणच दमलेले असतो. तिसरं, जागा शक्यतो घराच्या जवळची, पायी जाता येईल अशी निवडावी, आणि ती घरच्यांनाच विचारावी. त्यांनी सुचवलेल्या जागेला त्यांच्या आठवणी चिकटलेल्या असतात. ती उघडी असते का, सुट्टी कोणत्या वारी, हेही त्यांना ठाऊक असतं. चौथं, कुणाला बरोबर यायचं असेल तर त्याच्या चालीने चालावं. काकांबरोबर मांडवीपर्यंत जाताना आम्ही तीनदा सावलीत थांबलो, आणि त्या थांबण्यातच त्यांनी मला जुन्या दुकानांची नावं सांगितली. आणि परत आल्यावर पाहिलेलं सांगावं. नुसतं 'छान होतं' म्हणून भागत नाही. काय दिसलं, कुठे पाय अडखळला, कशाने वाईट वाटलं, हे सांगितलं की समोरचं माणूसही आपलं उघडतं.

मुलांच्या बाबतीत तर मला हे फार गरजेचं वाटतं. आजीच्या किंवा मामाच्या गावाला गेलेली मुलं दुपारभर मोबाइल घेऊन पडलेली असतात, आणि आपण मोठी माणसं 'नातेवाइकांत रमत नाहीत' म्हणून त्यांना बोल लावतो. त्यांना त्या गावातली एक जागा, एका गोष्टीसह, दाखवावी. माझ्या मुलीला बडोदं आठवतं ते काचेच्या जमिनीमुळे, आणि त्या जमिनीमुळे काकाआजोबा आठवतात. आता फोनवर ती त्यांना विचारते, "आजोबा, तुम्ही तिथं कोणतं पुस्तक वाचायचात?" आणि फोन लवकर संपत नाही.

मत बदलल्याचा खरा परिणाम माझ्या स्वतःच्या घरात झाला. नाशिकला आमच्याकडे पाहुणे आले की पहिल्याच दिवशी मी त्यांच्या हाती घराची जादा किल्ली देते आणि सांगते, दुपार तुमची. कुणाला पांडवलेणी सुचवते. तिथल्या तिसऱ्या लेण्यातल्या शिलालेखात गौतमी बलश्रीने आपला मुलगा सातकर्णी याचं केलेलं वर्णन आहे. एका आईने कोरून घेतलेला तो लेख पाहायला चढण चढावी लागते, ती चढावी. कुणाला १८४० मध्ये सुरू झालेल्या सार्वजनिक वाचनालयाचा रस्ता दाखवते. कुणाला काळाराम मंदिर, आणि १९३० मध्ये त्याच्या दारात मंदिरप्रवेशासाठी सुरू झालेला सत्याग्रह सांगते. काही पाहुणे संकोचतात. "तुम्हाला भेटायला आलोय, भटकायला नाही," म्हणतात. त्यांच्या तोंडी मला माझे वडील ऐकू येतात, म्हणून मी हट्ट करत नाही. एवढंच म्हणते, चारला चहा आहे, तेव्हा काय पाहिलं ते सांगा. बहुतेक जण जातात. आणि चारच्या चहाला आमच्या घरी जे बोलणं होतं, त्यासाठी कुणीही कितीही लांबून यावं, असं मला वाटतं.